एका सेमिस्टरसाठी अमेरिकेत: व्हिसाच्या आधी परीक्षा विभाग गाठ

एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेचं दुसरं वर्ष चालू आहे. पाचव्या सेमिस्टरसाठी, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर, अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात एक्स्चेंजवर जायला निवड झाली आहे. तिथली ट्यूशन फी माफ, बाकी खर्च आपला. घर कराडला. वडील विचारतात, ‘वर्ष वाया जाणार नाही ना?’ आई विचारते, ‘एकटी कशी राहशील?’ आणि मुलीला स्वतःला धास्ती आहे ती व्हिसाची.

मी अकरा वर्षं एका कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात काम केलं. मुलांना बाहेर पाठवायचं आणि ती परत आली की त्यांची क्रेडिट्स इथल्या चौकटीत बसवायची, हेच काम. त्या अनुभवावरून सांगते, तिघांच्या प्रश्नांत तुझ्या वडिलांचा प्रश्न सगळ्यात मुद्द्याचा आहे. व्हिसा नाकारल्यामुळे अडकलेली एक्स्चेंजची मुलं मी बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. परत आल्यावर आपल्याच कॉलेजात अडकलेली मात्र बरीच.

कारण साधं आहे. तिथला तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग, साधारण पंधरा आठवडे, आणि त्यातच गृहपाठ, प्रोजेक्ट, सगळं. आपल्याकडे थिअरीची क्रेडिट्स वेगळी, लॅबची वेगळी, कधी ट्यूटोरियलचीही वेगळी. तू तिथे ऑपरेटिंग सिस्टिम्स शिकून ‘ए’ घेऊन येशील, आणि इथला क्लार्क म्हणेल, थिअरीचं झालं, लॅबचं एक क्रेडिट कुठाय? त्याची चूक नसते. त्याच्या संगणकावर तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. म्हणून निघण्याआधी प्रत्येक विषयासमोर तिथला कोणता कोर्स, किती क्रेडिट, लॅब त्यात धरली आहे की नाही, हे लिहिलेला तक्ता तयार कर आणि त्यावर विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि परीक्षा नियंत्रक अशा तिघांच्या सह्या घे. तुझं कॉलेज स्वायत्त आहे, त्यामुळे अभ्यास मंडळ आणि विद्वत सभा आवारातच आहे. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातल्या मुलांना हीच फाइल विद्यापीठात फिरवावी लागते आणि तिथे महिने जातात. ‘सर म्हणालेत होऊन जाईल’ यावर विसंबू नकोस. सरांची बदली होते, सर पीएच.डी.ला जातात. राहतो तो कागद.

तक्त्यात चार कोर्स लिहून थांबू नकोस. आठ-नऊ लिही. एक्स्चेंजच्या मुलांची नोंदणी बहुतेक ठिकाणी त्यांच्या नियमित विद्यार्थ्यांच्या नंतर उघडते, आणि संगणक शाखेचे कोर्स तोवर भरलेले असतात. शिवाय प्रत्येक कोर्सला पूर्वअट असते: अमुक कोर्स झालेला असेल तरच हा. तू डेटा स्ट्रक्चर्स पुण्यात केलंस हे त्यांच्या सिस्टिमला माहीत नसतं; ती सरळ नाव नाकारते. तेव्हा तुझ्या दोन वर्षांच्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, इंग्रजीत, पीडीएफ करून जवळ ठेव. तिथल्या सल्लागाराला ई-मेलमध्ये तो जोडला की बहुतेकदा दोन दिवसांत अट शिथिल करून मिळते. एका मुलाने ठरवलेल्या चारपैकी तीन कोर्स पहिल्या दिवशी भरलेले निघाले. त्याने तिथे जागा होती ते घेतले, आणि परतल्यावर त्यातला एकच इथे चालला. उरलेले विषय त्याने सातव्या सेमिस्टरबरोबर दिले, प्लेसमेंटच्या ऐन धामधुमीत. त्याचं वर्ष वाया गेलं नाही, पण ते सहा महिने त्याला विचारू नकोस.

पर्यावरण, संविधान असे सक्तीचे छोटे विषय असतात त्यांचंही बघ. बरीच मुलं म्हणतात, एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या मंचावर, करीन. व्हिडिओ जगात कुठूनही बघता येतात. परीक्षा मात्र भारतातल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते, आणि जुलैत सुरू होणाऱ्या कोर्सची ती येते साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तू तेव्हा तिकडे. हे विषय आत्ताच, चौथ्या सेमिस्टरबरोबर उरकता आले तर उत्तम, नाहीतर सहाव्यात टाकून घे, तेही लेखी.

शेवटचं परीक्षा विभागाचं: ग्रेडचं काय? तिथे चारपैकी जीपीए, इथे दहापैकी. काही कॉलेजं सूत्र लावून आकडा बदलतात, काही फक्त उत्तीर्ण दाखवून क्रेडिट देतात आणि सीजीपीएत धरतच नाहीत. दोन्ही चालतं, पण कुठलं ते जाण्याआधी ठरलेलं हवं. तसंच, तिथलं ट्रान्सक्रिप्ट येईपर्यंत तुझ्या इथल्या निकालात पाचव्या सेमिस्टरच्या जागी ‘अनुपस्थित’ उमटू शकतं, आणि प्लेसमेंटच्या पोर्टलला ते बॅकलॉग वाटतं. ‘एक्स्चेंजवर, निकाल प्रतीक्षेत’ असं पत्र आधीच काढून ठेव.

पाचवं सेमिस्टर निवडलंस हे मात्र छान झालं. तिथली परीक्षा डिसेंबरच्या मध्यावर संपते, जानेवारीत तू सहाव्याला हजर. सातव्यात गेली असतीस तर कॅम्पस मुलाखती बुडाल्या असत्या. उन्हाळी इंटर्नशिपच्या ऑनलाइन चाचण्या काही कंपन्या ऑगस्ट-सप्टेंबरातच घेतात, तेवढं लक्षात ठेव. पुण्यात सकाळी दहाची चाचणी म्हणजे पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेबारा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, मग तीच साडेअकरा.

आता व्हिसा. एक्स्चेंजवाल्यांना बहुधा जे-१ मिळतो. पूर्ण पदवीला जाणाऱ्यांचा एफ-१ वेगळा, त्यामुळे एमएसला गेलेल्या दादा-ताईंचे सल्ले इथे जसेच्या तसे लावू नकोस. तिथलं विद्यापीठ तुला डीएस-२०१९ नावाचा फॉर्म पाठवेल. त्यासाठी ते बँकेत पैसे असल्याचा पुरावा मागतं, म्हणून वडिलांच्या मुदत ठेवी, शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र यांची जमवाजमव मार्चमध्येच सुरू कर. मग सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची फी, जे-१ला २२० डॉलर. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज. व्हिसाची मूळ फी १८५ डॉलर. पैसे भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा एकदा बघून घे, अलीकडे नियम भराभर बदलताहेत. बोटांचे ठसे आणि फोटो एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या. तुझ्यासाठी दोन्ही मुंबईत, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात. फोन आत नेता येत नाही, तो हॉटेलवर किंवा बरोबर आलेल्या माणसाकडे ठेव. मे ते जुलै तारखांची मारामारी असते. फॉर्म आला त्याच दिवशी तारीख शोधायला बस.

मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते. अधिकाऱ्याला एकच खात्री हवी असते, ही मुलगी परत येणार. आणि एक्स्चेंजच्या मुलीकडे त्याचं सगळ्यात भक्कम उत्तर असतं: माझी पदवी पुण्यात अर्धी झाली आहे, जानेवारीत सहावं सेमिस्टर आहे. कॉलेजचं तसं पत्र आणि तो सह्यांचा तक्ता फाइलमध्ये वरती ठेव. पुढे एमएस करायचा विचार आहे का असं विचारलं तर खोटं बोलू नकोस, पण ‘तिकडेच सेटल व्हायचंय’ हे मैत्रिणीला लिहिलेलं वाक्य समाजमाध्यमांवर पडलेलं नाही ना ते बघ. जून २०२५पासून एफ, एम आणि जे व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. जे-१वर गेलं की दोन वर्षं भारतात राहावंच लागतं, अशी भीती कुणी घालेल. ती अट काही जणांना लागते, त्यातही मुख्यतः सरकारी पैशांवर जाणाऱ्यांना. कोणत्या देशाला कोणत्या कौशल्याची माणसं परत हवीत याची एक अमेरिकी यादी आहे, तिच्यामुळे ती पूर्वी बऱ्याच भारतीयांना लागायची, पण डिसेंबर २०२४मध्ये त्या यादीतून भारत वगळला गेला. तुझ्या फॉर्मवर आणि व्हिसावर काय छापलंय ते मात्र वाचून घे.

पैशांचं. ‘फी माफ’ या शब्दांनी घरात आनंद होतो आणि मग बिलं येतात. खोली आणि मील प्लॅन मिळून सरकारी विद्यापीठात एका सेमिस्टरला साधारण ६ ते ८ हजार डॉलर धर. विमा हजार-दीड हजार. विद्यार्थी शुल्क, बसचा पास, पुस्तकं, फोन, थंडीचे कपडे. तिकीट वेगळं. दहा-बारा हजार डॉलरच्या आत भागवणारी मुलं मी पाहिली आहेत, पण ती शिस्तीची होती. शिक्षणासाठी आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत बाहेर पाठवले तर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापत नाही. त्या मर्यादेच्या जवळ असशील तर मार्च-एप्रिलची सीमारेषा बघून दोन हप्त्यांत पाठवा. नोकरी करून खर्च काढीन हे डोक्यातून काढ. जे-१वर कॅम्पसमध्येच, विद्यापीठात जे-१चं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊन, शिकवणीच्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. पण परवानगी, मग सोशल सिक्युरिटी क्रमांक, मग काम शोधणं, यात ऑक्टोबर उजाडतो. बाहेरच्या हॉटेलात किंवा ओळखीच्यांच्या दुकानात रोख पैशांवर काम तर अजिबात नको, मग ते मालक कितीही ‘आपले’ असोत.

विम्याचा कागद मी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. जे-१चा नियमच आहे: एका आजारपणाला वा अपघाताला किमान १ लाख डॉलरचं संरक्षण, डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम, ५०० डॉलरपेक्षा जास्त नाही, उपचारासाठी हलवण्याला ५० हजार डॉलर आणि, वाचायला नको वाटतं तरी, मृतदेह मायदेशी पाठवण्यासाठी २५ हजार. इथली स्वस्त प्रवास पॉलिसी यात बसतेच असं नाही. काही विद्यापीठं स्वतःचीच पॉलिसी सक्तीने देतात. दात विम्यात जवळजवळ कधीच नसतात, म्हणून दाढ दुखत असेल तर कराडलाच भरून घे. चष्म्याची दुसरी जोडी ने. तिथे ताप आला तर कॅम्पसच्या आरोग्य केंद्रात, ते बंद असेल तर अर्जंट केअर नावाच्या, किरकोळ तातडीच्या दुखण्यांच्या दवाखान्यात. इमर्जन्सी रूम ही खरोखरच्या आणीबाणीसाठी. पोटदुखीला तिथे गेलेल्या मुलीचं बिल बघून तिच्या वडिलांना पोटदुखी झाली होती.

लसींचं एक सांगते, ऐनवेळी पळापळ होते ती याचीच. बहुतेक विद्यापीठं गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींच्या एमएमआरचे दोन डोस मागतात. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर, आणि आता गोवर-रुबेला, मिळतं. गालगुंडाची लस त्यात नाही. तुझं लहानपणचं कार्ड शोध. नसेल तर दोन डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात, म्हणजे मे महिन्यातच सुरुवात. क्षयरोगाची चाचणीही मागतील. आपल्याला सगळ्यांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करायची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि खुलासे. रक्ताची इग्रा चाचणी चालेल का, ते आधी विचार आणि तीच कर.

सामानात कढीपत्ता नेऊ नकोस. ताजी पानं तिथे बंदच आहेत, कारण लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग पसरवणारी कीड त्यांच्याबरोबर येते. मसाला, मेतकूट, पापड सीलबंद पाकिटात ने आणि विमानतळावर ‘खाण्याचं सामान आहे’ असं सरळ सांग. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर एखादं पाकीट काढून घेतील. मिक्सर घरीच ठेव, तिथे वीज १२० व्होल्टची. आणि वसतिगृहात बहुतेकदा नुसती गादी असते, चादर-उशी आपली. गादीचा आकार ‘ट्विन एक्सएल’. शुक्रवारी रात्री पोचून जॅकेट पांघरून झोपलेल्या मुलांच्या गोष्टी दरवर्षी ऐकल्या. डीएस-२०१९वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या आधी ३० दिवसांपर्यंत देशात शिरता येतं, पण खोली तेव्हा उघडी असेलच असं नाही. खोलीची तारीख बघ, मग तिकीट काढ.

आता ज्यासाठी खरं तर जायचं ते.

पहिल्या तासाला प्राध्यापक एक कागद देतील, सिलॅबस. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. तिथे तो करार असतो: गृहपाठाला किती टक्के, दोन मधल्या परीक्षांना किती, प्रोजेक्टला, वर्गात बोलण्याला किती, उशिरा दिलं तर किती कापणार. शेवटच्या पंधरा दिवसांत जागून सगळं काढायची आपली सवय तिथे कामाची नाही, कारण तोवर निम्म्याहून जास्त गुण वाटून झालेले असतात. केटी, म्हणजे राहिलेला विषय पुढच्या सेमिस्टरबरोबर देण्याची सोय, नाही. नापास झालीस तर ‘एफ’ ट्रान्सक्रिप्टवर राहतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोर्स बदलता येतो, त्या काळात प्रत्येक कोर्सचा पहिला गृहपाठ करून बघ आणि मगच ठरव. नंतर एखादा झेपेना म्हणून सोडायचा असेल तर आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयात जा. क्रेडिट्स १२च्या खाली गेली की थेट व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो.

आपल्या हुशार मुलांचा घात होतो तो नक्कल प्रकरणात. इथे असाइनमेंट ‘छापणं’ हा गुन्हा कुणाला वाटत नाही. एकीने लिहिली की बाराजणी उतरवतात आणि सर सही करतात. तिथे प्रोग्रॅमिंगचे गृहपाठ तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९४ साली तयार झालेलं ‘मॉस’ आजही वापरात आहे, आणि व्हेरिएबलची नावं बदलून ते फसत नाही, ते रचना बघतं. आमच्या एका मुलाने रूममेटला ‘नुसतं बघायला’ कोड दिला. दोघांनाही शून्य, वर सुनावणी. देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. एआयचं तसंच: प्रत्येक कोर्सचा नियम वेगळा, सिलॅबसमध्ये लिहिलेला असतो. न कळल्यास विचार.

विचारायची जागा म्हणजे ऑफिस अवर्स. आठवड्यातले ठरलेले दोन-तीन तास प्राध्यापक दार उघडं ठेवून बसतात, फक्त विद्यार्थ्यांसाठी. आपली मुलं जात नाहीत. त्यांना वाटतं, प्रश्न मोठा हवा, नाहीतर सर म्हणतील एवढंही येत नाही. मी पाठवलेल्यांपैकी ज्यांना पुढे चांगली शिफारसपत्रं मिळाली, ती सगळी दुसऱ्या आठवड्यापासून जाणारी होती, सगळ्यात जास्त गुणांची नव्हेत. पहिल्यांदा जाताना गृहपाठातला एक अडलेला प्रश्न आणि तू केलेला अर्धवट प्रयत्न घेऊन जा. संबोधन ‘प्रोफेसर’ आणि आडनाव; पहिल्या नावाने हाक मारा असं त्यांनी सांगितलं तर तसं.

आणि एक कोर्स शाखेबाहेरचा घे, तक्त्यात बसत नसला तरी. भूगर्भशास्त्र, नाटक, अमेरिकी इतिहास, काहीही. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबियात गेले ते अर्थशास्त्रासाठी, पण तिथे त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही कोर्स घेतले, जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले. आपल्या अभियांत्रिकीच्या वेळापत्रकात ही मोकळीक फार थोडी मिळते. ती तिकडे आयती आहे. चारच कोर्स घ्यायचे असतील तर तीन इथल्या हिशेबाचे, एक हा. त्या चौथ्या कोर्समुळे राहिलेलं इथलं क्रेडिट सहाव्या सेमिस्टरमध्ये भरून काढता येतं का, हे तक्ता करतानाच विचारून ठेव.

आईच्या प्रश्नावर: एकटी राहणार नाहीस, उलट एकांत मिळणार नाही. खोलीत दुसरी मुलगी असेल. पहिल्या आठवड्यात दोघींनी दिवे कधी बंद, पाहुणे कधी, फ्रिज कुणाचा, हे बोलून घ्या; तिथे ते उद्धटपणाचं मानत नाहीत. शाकाहारी असशील तर मील प्लॅनवर पास्ता, बीन्स, सॅलड मिळतं आणि तिसऱ्या आठवड्यात रडू येतं. भारतीय विद्यार्थ्यांची संघटना बहुतेक मोठ्या विद्यापीठांत असते आणि बऱ्याच मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळ. त्यांची उत्तर अमेरिकेतली शिखर संस्था बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून आहे. गणपतीत एक फोन केलास तर कुणीतरी गाडी घेऊन न्यायला येईल, मोदकही मिळतील. फक्त सगळे शनिवार-रविवार तिथेच घालवू नकोस. पुण्यातली माणसं भेटायला एवढ्या लांब जायची गरज नव्हती.

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. कॅम्पस रिकामा होतो, काही वसतिगृहं, भोजनगृहं चक्क बंद होतात. कुठे राहायचं ते ऑक्टोबरात ठरव. बरीच विद्यापीठं परदेशी मुलांना स्थानिक कुटुंबात जेवायला पाठवतात, त्या यादीत नाव घाल. फिरायला नायगाराला गेलीस तर पलीकडच्या काठावर उतरायचा मोह आवर: त्याला कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि परत शिरताना डीएस-२०१९वर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही. सेमिस्टर संपल्यावर ३० दिवस देशात राहता येतं, पण त्या काळात बाहेर पडलीस तर त्याच व्हिसावर पुन्हा आत येता येत नाही. एक पैसा कमावला नसलास तरी ८८४३ क्रमांकाचा करफॉर्म पुढच्या वर्षी १५ जूनपर्यंत पाठवायचा असतो; घरी आल्यावर मुलं हमखास विसरतात.

निघायच्या आठवड्यात तीन कामं कर. ट्रान्सक्रिप्ट थेट आपल्या परीक्षा नियंत्रकांच्या पत्त्यावर मागव, ग्रेड लागल्यानंतर पाठवा असा पर्याय निवडून. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस आणि तपासलेले गृहपाठ डाउनलोड कर, कारण तुझं लॉगिन नंतर बंद होतं आणि इथले सर लॅबचा पुरावा मागतात. आणि खोलीची किल्ली जमा करून पावती घे. थकबाकी असेल तर काही विद्यापीठं ट्रान्सक्रिप्ट अडवून ठेवतात. आमच्याकडची एक मुलगी किल्ली जीन्सच्या खिशात घेऊन थेट मुंबईला उतरली. चाळीस डॉलरचा दंड तिच्या नावावर लागला, त्याचं पत्र गेलं विद्यापीठाच्या ई-मेलवर, जो ती आता उघडत नव्हती. जानेवारीत यायचं ट्रान्सक्रिप्ट आलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तोवर प्लेसमेंटच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे चार बॅकलॉग झळकत होते.